कडेची ओळ

१९ एप्रिल
सकाळची नोंद दहा मिनिटं उशिरा. परातीवरची जाळी कावळ्याने पुन्हा उचकटली होती. आमच्या शिपायापेक्षा हा कावळा वेळेवर येतो. परातीतलं पाणी रोज किती उडालं ते मोजायचं आणि कॉलेजच्या हवामान-वहीत लिहायचं. एकोणतीस वर्षं हेच चाललं आहे.

नामदेवचा फोन. परवा-तेरवा बागेचं पाणी बंद करतो म्हणाला. मृग बहाराचा, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या फुलाचा, ताण. किती दिवस धरायचा ते दर वर्षी मला विचारतो आणि मी परातीच्या आकड्यावरून सांगते. बाबा गेल्यापासून धाकट्या भावाचे हात आणि माझा आकडा, अशी भागीदारी आहे. संत्र्याचं झाड चमत्कारिकच. तहानेने कासावीस केल्याशिवाय मनासारखं फुलत नाही. "सासरवाशिणीवाणी," मंगला म्हणते. मंगला म्हणजे नामदेवची बायको. बोलते कमी, पण बोलली की लागतं.

२२ एप्रिल
रजा टाकून बागेत. कळमेश्वरच्या बसमध्ये उभ्याने. नामदेवने मोटरचा खटका पाडला, विहिरीला हात जोडले. ताण सुरू.

एकूण चौदा ओळी. पश्चिमेकडून मोजायच्या, कारण बाबांनी पहिली ओळ तिकडे लावली. त्या बाजूला मागच्या उन्हाळ्यापर्यंत शेजाऱ्याची बाग होती, आमच्याहून दाट. दिवाळीनंतर जेसीबी आला. आता तिथे लेआउट. मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खांब, आणि एक मोठा फलक: 'संत्र्याच्या बागेला लागून थंडगार प्लॉट'. थंडावा आमचा, विकणार ते. मी हसले. नामदेव हसला नाही.

तापमानाची बंदूक नेली होती. कोरोनात कपाळावर धरायचे तसलीच, पण मी पानावर धरते. पा-ह, म्हणजे पानाच्या तापमानातून हवेचं वजा. उणे आलं तर झाड पाणी सोडतंय, कूलरसारखं स्वतःला गार ठेवतंय. अधिक आलं तर टाकी संपली, नुसता पंखा फिरतोय. बाबा हेच काम गालाने करत. दुपारी पान गालाला लावायचे, डोळे मिटायचे. "गाल खोटं बोलत नाई," म्हणायचे. मी कॉलेजात चार बुकं शिकून आले तेव्हा त्यांना हसले होते. त्याची लाज अजून आहे.

पा-ह: सातवी ओळ उणे ३. पहिली उणे १. कडेची आहे म्हणून असेल. लिहिलं आणि पुढे गेले.

२७ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. दुपारच्या नोंदीला चपला काढून परातीपाशी उभी राहिले. कॉलेजचा माळी दोन्ही वेळा हिरवळ भिजवतो, नियमच तसा आहे, परात हिरवळीत असावी. तळव्यांना काय बरं वाटतं. दिवसातलं एवढंच सुख.

४ मे
बागेत. लेआउटवाले आले होते. पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. स्वतःच्या प्लॉटवर उभं राहवेना, म्हणून आमच्या पहिल्या ओळीखाली खुर्ची मागून घेतली. मंगलाने पन्हं दिलं. पिऊन झाल्यावर नामदेवला म्हणाले, "भाऊ, चारी बाजूनं सगळे विकून राहिले. एकटी बाग किती दिवस टिकन? बहार नाई आला तर एक फोन करजा. जबरदस्ती थोडी आहे."

ते गेल्यावर नामदेव माझ्याबरोबर आठव्या ओळीपर्यंत चालत आला. मग म्हणाला की दोन बहार लागोपाठ हातचे गेले, एक गारपिटीत, एक फळगळीत. हा फसला तर देऊन टाकणार. "मी थकलो वं ताई." जमीन दोघांच्या नावावर आहे, माझी सही लागेल. करणार नाही असं मनात म्हटलं. पण नागपुरात पंख्याखाली बसून नाही म्हणणं सोपं आहे. चौदा ओळी तो राखतो.

म्हणजे सगळं या बहारावर आलं.

पा-ह: पहिली अधिक २. दुसरी शून्य. सातवी उणे १.

११ मे
पहिल्या ओळीची पानं वळली, होडीसारखी. ताणात वळतातच. बाबांचा नियम असा, की चौथा हिस्सा पानं गळाली की ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायचं. पहिल्या ओळीत तेवढी गळाली. मधल्या ओळींत अजून हिरवं, टवटवीत. एकाच बागेत दोन वेगळे महिने, असं कधी पाहिलं नव्हतं.

मुरमावरून येणारा वारा सरळ आत शिरतो. पूर्वी शेजारच्या बागेतून गाळून यायचा. आज तोंडावर ओढणी घेऊन मोजलं.

दुसरी ओळ अधिक २. मागच्या खेपेला इथे पहिली होती.

१८ मे
हे नीट लिहून ठेवते.

नामदेव धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, वाट पाहत उभा होता. "ताई, आता तोडू का वं? पहिली ओळ पाहवत नाई."

मी वही काढली. परातीच्या हिशोबाने जमिनीत ओल आहे. विहिरीत जेमतेम चार पाळ्यांचं, म्हणजे साऱ्या बागेला चारदा पुरेल एवढं पाणी. आत्ता ताण तोडला तर झाडं फुलतील आणि मृगाच्या आत विहीर आटेल, सगळं फूल मातीत. एका ओळीसाठी तेरा ओळींचा बहार घालवायचा का? मी म्हटलं, "दहा दिवस थांब."

"नक्की?"

"नक्की."

मंगला पऱ्हाटीची, कपाशीच्या काड्यांची, मोळी घेऊन जात होती. थांबून म्हणाली, "ताई, गाल लावून पाह्यला का?" म्हटलं, बंदूक आहे ना. ती मोळी सावरून निघून गेली. मला जरा राग आला. एकोणतीस वर्षं काय मी कावळे मोजते आहे?

२१ मे
नोंदी. परात, पर्जन्यमापक (कोरडा ठणठणीत), वारा. हिरवळीवर अनवाणी. आज काहीतरी टोचत होतं. खडा असेल म्हणून तळवा पाहिला, काही नव्हतं.

२३ मे
मंगलाचा फोन. ती कधी करत नाही, म्हणून आधी भावाची चौकशी केली. नामदेव बरा आहे.

तिने काय केलं, तर घरातले दोन सारखे गंज घेतले, दुधाचे. दोन्ही काठोकाठ भरले, वर पीठ चाळायची चाळणी आणि दगड, पाखरांनी पिऊ नये म्हणून. एक पहिल्या ओळीत ठेवला, एक सातव्या ओळीत. रोज सकाळी झाडूची काडी बुडवून पाहायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या वळीतला पार तळाले गेला, ताई. मधातला अजून अर्ध्याच्या वर हाय. तुमची परात कशावर ठेवली हाय?"

म्हटलं, हिरवळीवर.

"रोज पाणी देता त्या हिरवळीले?"

हो.

 ती म्हणाली, "मंग ते तिथलं झालं. इथलं नाई."

फोन ठेवून मी खुर्चीत बसून राहिले. दुपारची नोंद चुकली. एकोणतीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बाबा गेले तेव्हा.

२४ मे
पहिल्या बसने गेले. दोन्ही गंज पाहिले. काडीवर मंगलाने कोळशाने खुणा केल्या होत्या, माझ्या वहीपेक्षा स्वच्छ.

उन्हाला कुठेतरी खर्च व्हावंच लागतं. जमीन ओली असली, झाडं असली, तर ते पाणी उडवण्यात खर्च होतं आणि हवा बेताची राहते. जमीन कोरडी असली तर ऊन नुसतं तापवत बसतं, आणि ती तापलेली हवा उठून शेजाऱ्याकडे जाते. शेजारी आम्ही. पलीकडच्या साऱ्या मुरमाचं ऊन आमच्या पहिल्या ओळीकडून पाणी वसूल करत होतं. माझी परात मात्र भिजवलेल्या गवतात बसून मला सांगत होती की सगळं ठीक आहे. दर वर्षी नव्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते. बाण काढते, खाली आणि आडवे. मुलं उतरवून घेतात. आणि स्वतःच्या बागेत... हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

नामदेवला सांगितलं. "माझं चुकलं. ताण अठरा तारखेलाच तोडायला हवा होता. त्याच्याही आधी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि मोटरकडे गेला.

२५ मे
आज नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. आंबवणी दिली, म्हणजे ताणानंतरचं पहिलं हलकं पाणी. पाणी आळ्यात पडलं की चर्र आवाज यायचा. माती प्यायली की नुसतीच तापली, कळेना.

शिकवतो आम्ही की पाणी दिल्यावर पान गार होतं. मी दहा वाजल्यापासून पहिल्या ओळीत बंदूक धरून. अधिक ४. साडेअकरा, अधिक ५. सातव्या ओळीने मात्र दुपारपर्यंत टाकलेली मान वर केली. उणे १, मग उणे २. तिच्यापाशी मी रडले. नामदेव दूर होता.

२८ मे
रजा वाढवली. साहेबांना 'घरगुती कारण' लिहिलं. खोटं नाही.

पहिल्या ओळीच्या फांद्या शेंड्याकडून वाळून राहिल्यात. चाकूने साल खरवडून पाहतो. हिरवं निघालं की नामदेव 'हाय' म्हणतो, तपकिरी निघालं की काही म्हणत नाही. आज बहुतेक वेळ काही म्हणाला नाही. दुसऱ्या ओळीचं पाणी अजून वर चढतंय, पण कष्टाने.

तिसरी ओळ: शून्य. ताणाच्या पहिल्या दिवशी उणे ३ होती.

३१ मे
कड मेली म्हणजे कड संपत नाही, आत सरकते. हे मी आज धुऱ्यावर बसून वहीत आखलं. पहिली ओळ उभी होती तोवर तिने सगळा मार खाल्ला, म्हणून दुसरी वाचली. आता दुसरी खातेय. ती गेली की तिसरी. प्रत्येक ओळ गेली की आमचा थंडावा तेवढा कमी आणि वारा तेवढा जास्त. चौदापर्यंत मोजायला फार वेळ लागत नाही. चौदाच्या पलीकडे पूर्वेला दुसऱ्याची बाग आहे. त्याला अजून माहीत नाही की त्याची पाळी आहे.

मंगलाने काम काढलं. पहिल्या ओळीच्या बाहेर पऱ्हाटीचं आणि तुराट्यांचं कुंपण, मधे गोणपाट, तिची दोन जुनी लुगडी. आम्ही तिघांनी दिवसभर बांधलं. हात सोलले. मी सकाळी म्हटलं होतं, याने काय होणार. दुपारी कुंपणाआड बंदूक धरली तर अर्ध्या अंशाचा फरक. मंगलाला सांगितलं. ती म्हणाली, "अर्धा तं अर्धा."

३ जून
विहिरीत दोर सोडला. ठेवलेल्या चार पाळ्यांपैकी दोन राहिल्या, म्हणजे पूर्ण बागेला दोन वेळा. किंवा अर्ध्या बागेला चार वेळा. आभाळ कोरं. टीव्हीवर केरळातल्या छत्र्या.

नामदेव म्हणाला, "सातच वळी पुरतील. कोणत्या, ते तू सांग."

"मला नको विचारू."

"मंग कोणाले विचारू, ताई?"

 मी चुकले हे त्याला ठाऊक आहे. तरी विचारतो, कारण दुसरं कोणी नाही. इतकं जड वाटलं की तिथेच बसले.

४ जून
दोन्ही बाजू मांडल्या.

मधल्या ओळी सात ते तेरा. ठणठणीत, फूल येण्याची आशा त्यांचीच. त्यांना पाणी द्यावं हे लहान मूलही सांगेल. मेलेल्याच्या तोंडात गंगाजळ घालून काय?

पण पहिल्या सहा सोडल्या तर आठ दिवसांत सातवी ही कड. मग जे पाणी सातवीला दिलं ते मुरमावरच्या वाऱ्याला दिल्यासारखं. पहिल्या तीन ओळी पानांनिशी उभ्या राहिल्या तर आतल्यांना कमी पाण्यात भागेल. भिंत जगवली तर घर जगेल. कागदावर हे बरोबर आहे. कागदावर दहा दिवसही बरोबर होते.

दुपारी सांगितलं: पश्चिमेच्या पहिल्या चार ओळींना भरपूर, पाच ते दहाला निम्मं, शेवटच्या चारांना काही नाही.  मंगला म्हणाली, "मेलेल्या झाडाले पाणी, आन् जिवंत झाडं पाहत राहतीन?" मी म्हटलं हो. ती म्हणाली ठीक. 'ठीक' म्हणताना तिने पदर खोचला, म्हणजे तिला पटलं नव्हतं.

नामदेवने पाण्याचा दांड वळवला. त्याने एकदाही 'नक्की?' विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

६ जून
दुसरी ओळ अधिक २ वरून अधिक १. तिसरी उणे १. भिंत धरतेय असं वाटतं. वाटतं, एवढंच लिहिते.

पहिली ओळ: मोजण्याजोगी पानं प्रत्येक झाडावर मूठभर.

चौदावी ओळ वळायला लागली. ती पूर्वेची, तिचा काही गुन्हा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी. रजा संपली, तिच्याकडे न बघता नागपूरची बस धरली.

७ जून
उद्या मृग. लेआउटवाल्यांचा फोन नामदेवला, तब्येतीची चौकशी. आमच्या नव्हे, बागेच्या. त्यांच्या दोन गिऱ्हाइकांनी म्हणे साईट पाहून विचारलं, बाजूची बाग अशी का दिसते. फलकावरचं 'थंडगार' त्यांना काढावं लागेल. मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते काढतील म्हणजे काय झालेलं असेल.

नामदेवने त्यांना सांगितलं, नऊ तारखेला कळवतो. मला न विचारता तारीख दिली. बरोबरच आहे, माझ्या तारखांचं काय झालं ते त्याने पाहिलंय.

९ जून
सकाळी मंगलाचा फोन. "ताई, या. पहिली वळ फुलली."

रिक्षा, बस, मग चालत. लेआउटच्या कमानीपासूनच वास. इतका की लेआउटवाल्यांचा रखवालदारही नाक वर करून उभा. पहिल्या ओळीचं एकही झाड काळं दिसत नव्हतं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढरं. वाळल्या म्हणून सोडून दिलेल्या फांद्यांवर फुलांचे घोस. बाबांच्या हयातीत असा बहार आला नाही.

नामदेवने लेआउटवाल्यांना सकाळीच नाही सांगून टाकलं होतं. फोन करून, मोठ्या आवाजात, मंगलाला ऐकू जाईल असं. मला गूळ दिला. "तू म्हनलीस म्हणून पाणी देल्लं वं ताई. नाई तं मी सोडलं होतं तिले." त्याचे डोळे ओले होते. बाबा गेल्यापासून असा पाहिला नाही.

मी गूळ तोंडात ठेवला आणि दुसऱ्या ओळीत गेले. फूल नाही. चौथी, सातवी. पान गार, फूल नाही, कळीही नाही. पुन्हा पहिल्या ओळीत आले.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना विहिरीजवळचं एक झाड असंच फुललं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबा म्हणाले, "याले पाहून खुश नको होऊ." मुळं गेली होती त्याची, उरलंसुरलं सगळं त्याने फुलांत काढलं. पंधरा दिवसांत सरपण झालं. पण ताण बरोबर बसला तर निरोगी झाडही कधी कधी आधी फुलतं, पालवी मागून येते. हेही मी पाहिलंय. दोन्ही वेळी झाड सारखंच दिसतं. कुठलं ते पान सांगतं.

बंदूक काढली. धरायची कशावर? पहिल्या झाडाभोवती फिरले, मग दुसऱ्या, मग पाचव्या. खालच्या फांद्या वाकवून आत पाहिलं. बाबांसारखं गालाला लावायला एक पान हवं होतं, एकच. गालाला नुसती फुलं लागत होती, आणि फुलाच्या गारव्यावर कोणी काही सांगू शकत नाही.

मंगला माझ्याकडे बघत होती. तिला कळलंय असं वाटतं. ती नामदेवला काही बोलली नाही.

तो खटक्यापाशी उभा होता. विहिरीत एकच पाळी. आभाळ धुतल्यासारखं. हाक मारून म्हणाला, "सांग ना वं ताई. आजचं पाणी कोणाले देऊ?"

म्हटलं, "थांब."

अठरा मेलाही मी हाच शब्द म्हटला होता, आणि ते आम्हा तिघांनाही आठवलं. मी पान शोधत सहाव्या झाडाकडे गेले.